मार्जरीनचा डबा बंद, आता रोजच्याला लोणीच

गेलं वर्षभर तरी आमच्या घरात मार्जरीनचा, म्हणजे तेलापासून बनवलेल्या बटरसारख्या स्प्रेडचा, डबा आलेला नाही. टोस्टला, थालीपिठाला, पावभाजीला, लेकीच्या डब्यातल्या सँडविचला, सगळ्याला आता एकतर घरचं पांढरं लोणी नाहीतर दुकानातलं दुधाचं बटर. ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की एवढं काय त्यात, पिवळं ते पिवळं, ब्रेडला लावलं की सगळं सारखंच. तर सारखं अजिबात नाहीये, आणि हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण व्हॉट्सॅपवर याबद्दल दोन्ही बाजूंनी इतकं काय काय फिरत असतं, मार्जरीन म्हणजे प्लास्टिक असलं पण आणि लोणी खाल्लं की थेट ब्लॉकेज असलं पण, की साध्या माणसाला कळतच नाही यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं.

आमच्याकडे मार्जरीन आलं ते बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कोलेस्टेरॉलमुळे. नव्वदचं दशक होतं, रिपोर्टमधे आकडा वाढलेला आला आणि डॉक्टरांनी सांगितलं तूप लोणी बंद, त्याऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेलं स्प्रेड घ्या. घरात म्हैस बांधलेली असताना दुकानातून डबा विकत आणायचा हे आईंना (सासूबाईंना) बिलकुल पटलं नव्हतं पण तब्येतीचा प्रश्न म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. यात डॉक्टरांना नावं ठेवण्यासारखं काही नाही, तेव्हा सगळीकडे तेच सांगितलं जायचं, प्राण्यांचं फॅट वाईट आणि तेलातून आलेलं ते चांगलं. नंतर म्हैस गेली, बाबांच्या गोळ्या सुरू झाल्या, आम्ही साताऱ्यात फ्लॅटमधे राहायला आलो, पण डबा मात्र फ्रिजच्या दारात तसाच राहिला आणि घरातली लहान मुलं त्यालाच बटर म्हणत मोठी झाली. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. माझ्या लेकीला लोण्याची चवच माहीत नव्हती, गावाला कोणी ताज्या लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवला तर ती म्हणायची हे बटरसारखं का लागत नाहीये.

मग मी जरा वाचायला सुरुवात केली, आणि वाचत गेले तसं हे प्रकरण फार इंटरेस्टिंग निघालं. मार्जरीनचा जन्म फ्रान्समधला, १८६९ चा. तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरीब लोकांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता, त्याने बक्षीस लावलं, आणि हिप्पोलित मेज-मुरिएस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो पर्याय तयार करून दाखवला. आणि गंमत म्हणजे ते पहिलं मार्जरीन वनस्पती तेलाचं नव्हतंच, गाईबैलाच्या चरबीपासून काढलेलं तेल आणि दूध असं होतं ते. तेलाचं घट्ट फॅट करायची युक्ती नंतर आली, १९०२ मधे जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी पेटंट घेतलं, निकेलच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडायचा की पातळ तेल घट्ट होतं. आपल्याकडचं वनस्पती तूप याच युक्तीतून आलं, डालडा १९३७ मधे बाजारात आला आणि पुढे तर एवढा पसरला की कुठल्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणायला लागले, लग्नातले लाडू, जिलब्या, बेकरीची नानकटाई सगळं त्यातच.

अमेरिकेतला एक किस्सा तर मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. मार्जरीन मुळात पांढरट असतं, पिवळा रंग वरून घालायचा असतो. तर तिथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी म्हणे जोर लावून कायदे करून घेतले की मार्जरीनला पिवळा रंग द्यायचाच नाही, म्हणजे लोकांना फरक कळेल. मग कंपन्या पांढरं मार्जरीन आणि सोबत रंगाची पुडी असं विकायच्या आणि बायका घरी बसून तो रंग मळून घ्यायच्या. विस्कॉन्सिनमधे ही बंदी १९६७ पर्यंत होती, कॅनडाच्या क्युबेकमधे तर २००८ पर्यंत. म्हणजे दिसायला लोण्यासारखं असण्यावरून शंभर वर्षं भांडणं चाललीयेत, आणि मला वाटतं ती रास्त होती कारण माणूस डोळ्यांनीच आधी खातो.

आपल्याकडे रंगाऐवजी दुसरी युक्ती केली होती आणि ती मला फारच आवडली. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकलं जायचं, भेसळ पकडायची कशी, तर वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलात असा एक घटक आहे की हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फरफ्युरल घातलं की ते लाल होतं, या तपासणीला बोडुइन टेस्ट म्हणतात. म्हणजे तुपात डालडा मिसळलेला असेल तर प्रयोगशाळेत तूप लाल होऊन चोरी पकडली जायची. टेबल मार्जरीनलाही तिळाच्या तेलाची हीच अट होती. तीळ आपल्या स्वयंपाकघरात इतक्या कामाला येतात पण हे काम मला माहीत नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, ट्रान्स फॅट. तेलात हायड्रोजन अर्धवट भरला की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. १९९० मधे नेदरलँड्सच्या संशोधकांनी माणसांवर अभ्यास करून दाखवलं की हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतंच पण वरून चांगलं कोलेस्टेरॉल कमी पण करतं, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणजे ज्या वर्षांत आमच्या बाबांना लोणी सोडून हे खा असं सांगितलं जात होतं तेव्हाच हे संशोधन बाहेर आलं होतं, फक्त ते आपल्या गावाकडच्या दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ लागला. २००३ मधे डेन्मार्कने फॅटमधे ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नको असा कायदा केला. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, आधी १० टक्के मर्यादा ठेवली, मग ५, मग २०२१ मधे ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. अमेरिकेत तर अर्धवट हायड्रोजन भरलेली तेलं २०१८ पासून जवळपास हद्दपारच झाली.

त्यामुळे आज कोणी सांगत असेल की दुकानातलं मार्जरीन म्हणजे विष तर तेही खरं नाही. आता कंपन्या पाम तेलासारखी मुळातच घट्ट असणारी तेलं वापरतात, किंवा तेलांची अंतर्गत रचना बदलून ती घट्ट करतात, ट्रान्स फॅट अगदी थोडं असतं. जे खरं आहे ते लिहायला हवं. माझा मार्जरीन सोडण्यामागचा मुद्दा घाबरण्याचा नाहीचे. माझा मुद्दा असा की रोज जे खायचं ते काय आहे हे मला कळलं पाहिजे, आणि ते चवीला चांगलं पाहिजे, आणि थोडंच खायचं असेल तर मग ते थोडं तरी खरं असू दे.

कळण्याची गोष्ट सांगते. तुम्ही पण एकदा करून बघा, दुकानात उभं राहून दोन्ही डबे हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बटरच्या मागे दुधाचं फॅट, मीठ आणि रंग असेल तर ॲनाटो म्हणजे आपली शेंद्री, एवढंच असतं, संपलं. मार्जरीनच्या मागे खाद्यतेलं, त्यात बहुतेक वेळा पाम, मग पाणी, मीठ, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ), प्रिझर्व्हेटिव्ह, बटरचा वास देणारं फ्लेवर, रंग, वरून घातलेलं अ आणि ड जीवनसत्त्व. यातली एकेक गोष्ट परवानगी असलेलीच आहे, कोणी काही चोरून घालत नाही, पण ही यादी वाचून माझ्या डोक्यात आलं की हे सगळं करतात ते लोण्यासारखं लागावं म्हणून, मग लोणीच का नको. आणि एक, नावाकडे बघा. नुसतं बटर लिहायचं असेल तर ते फक्त दुधापासूनच बनवलेलं लागतं, आणि टेबल बटरमधे किमान ८० टक्के दुधाचं फॅट लागतं, कायदाच आहे तसा. बाकीच्या डब्यांवर कुठेतरी बारीक अक्षरात टेबल मार्जरीन किंवा फॅट स्प्रेड असं लिहिलेलं असतं, पुढे मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव, गाईचं नाही पण हिरव्या पानाचं किंवा हृदयाचं चित्र, आणि लिहिलेलं कोलेस्टेरॉल फ्री. कोलेस्टेरॉल तर कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, शेंगदाण्याच्या तेलातही नाही, त्यात विशेष काय.

चवीबद्दल मात्र मला भरपूर लिहायचंय. भाजणीचं थालीपीठ तव्यावर असताना मधे बोटाने जी भोकं पाडतो ना, त्यातल्या मधल्या भोकात लोण्याचा छोटा गोळा ठेवायचा. आधी तो तसाच बसून राहतो, मग खालून कडा पारदर्शक व्हायला लागतात, मग एकदम खाली घसरतो आणि भोकातून तव्यावर जाऊन बारीक चुरचुर आवाज करतो, आणि तो जो वास येतो, भाजणीतल्या धण्याचा आणि करपायच्या अगदी अलीकडे आलेल्या लोण्याचा, तो मार्जरीनने येतच नाही. मार्जरीन ठेवलं तर त्याचा फेस होतो, पाणी तडतडतं, आणि थालीपीठ तेलकट लागतं पण खमंग लागत नाही. कारण लोण्यात दुधाचा थोडा अंश राहिलेला असतो, तो तव्यावर भाजला जातो आणि खमंगपणा त्याचाच असतो, आपण लोणी कढवून तूप करतो तेव्हा खाली जी बेरी राहते तीच ही गोष्ट. आणि लोण्याच्या फॅटमधे ब्युटिरिक ॲसिड असतं, ती लोण्याची खास चव, ती तेलात नाही.

दुसरं म्हणजे वितळणं. दुधाचं फॅट साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, आपलं तोंड ३७ डिग्री, म्हणजे जिभेवर ठेवलं की गेलंच. बेकरीत खारीसाठी जे पफचं मार्जरीन वापरतात ते मुद्दाम जास्त तापमानाला वितळणारं बनवलेलं असतं, कारण लाटताना घडीवर घडी घालायची असते आणि उन्हाळ्यात लोणी असलं तर ते पळूनच जाईल. खारी त्यामुळे छान पापुद्र्याची होते, मला कबूल आहे, पण खाल्ल्यावर टाळूला जो एक मेणचट थर राहतो ना, चहा प्यायल्याशिवाय जात नाही, तो याच फॅटचा. एकदा हे लक्षात आल्यावर मला प्रत्येक खारीत तो थर जाणवायला लागला. पुण्यामुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलात ब्रुन मस्का किंवा बन मस्का खाऊन बघा आणि मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडचा बन मस्का, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यात मार्जरीन असतं आणि पहिल्याच घासाला कळतं.

आता घरी लोणी कसं काढतो ते. हे आईंचं शिक्षण आहे, मी फक्त मिक्सर आणला त्यात. म्हशीचं दूध येतं रोज लिटरभर, तापवून, झाकण न ठेवता गार करून मग फ्रिजमधे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाड साय येते, ती चमच्याने कडेकडेने सोडवून उचलायची आणि स्टीलच्या डब्यात टाकायची. पहिल्या दिवसाच्या सायीतच चमचाभर दही घालून ठेवायचं, फ्रिजमधे, म्हणजे साय आठवडाभर नुसती पडून तिला कडवट वास लागत नाही, हळूहळू विरजत जाते. आठवड्याने डबा भरला की आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायचा, नीट आंबट व्हायला. सकाळी परत तासभर फ्रिजमधे. हे परत फ्रिजमधे ठेवणं फार महत्त्वाचं आहे, घाई असली तर लोक हेच विसरतात. सायीत फॅटचे बारीक बारीक गोळे असतात, घुसळलं की त्यांचं आवरण फुटतं आणि ते एकमेकांना चिकटतात, पण ते गार असतील तरच नीट चिकटतात, कोमट साय घुसळत बसलात तर लोणी तेलकट, लिबलिबीत होतं आणि ताकात विरघळल्यासारखं दिसतं.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात साय, थोडं फ्रिजचं पाणी, आणि थांबून थांबून फिरवायचं, सलग नाही. आधी ते फुगतं, केकवरच्या क्रीमसारखं दिसतं, मग एकदम आवाज बदलतो, भांड्यात छपछप व्हायला लागतं, झाकण काढून बघितलं की खाली निळसर पांढरं ताक आणि वर लोण्याचे रवाळ कण. तिथेच थांबायचं. आई रवीनेच करतात अजून, त्या म्हणतात मिक्सरमधे लोण्याला उष्णता लागते, आणि त्यांचं लोणी खरंच जास्त घट्ट येतं. मग गोळा हाताने गोळा करून बर्फाच्या पाण्यात धुवायचा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. न धुता ठेवलं तर आत राहिलेल्या ताकाने दोन दिवसात आंबूस वास येतो. शेवटी हातावर दाबून दाबून पाणी काढायचं. हे दाबताना गोळ्यातून पाण्याचे बारीक थेंब फुटतात, बघायला फार छान वाटतं, आणि माझी लेक या कामाला एका हाकेत येते कारण शेवटी बोटाला लागलेलं लोणी साखरेबरोबर तिचं असतं.

एवढ्या सायीतून पाव किलोच्या आसपास लोणी निघतं, कधी जास्त. त्यातलं थोडं रोजच्यासाठी ठेवायचं आणि बाकीचं कढवून तूप. रोजचं लोणी वाटीत गार पाण्यात बुडवून फ्रिजमधे, पाणी दिवसाआड बदलायचं, चार पाच दिवस ताजं राहतं. टोस्टला लावायचं असेल तर मी शंभर ग्रॅमला पाव चमचा बारीक मीठ घालून मळते, मीठ घातलेल्याची चव ब्रेडला जास्त चांगली लागते आणि टिकतं पण थोडं जास्त. लेकीने पहिल्यांदा विचारलं होतं हे पांढरं का, बटर तर पिवळं असतं. तर म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं (पिवळ्या रंगाच्या घटकाचं) रूपांतर पूर्णच अ जीवनसत्त्वात करते, ते रंगहीन असतं, म्हणून म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र, आणि गाईच्या दुधात थोडं कॅरोटीन तसंच राहतं म्हणून गाईचं लोणी आपसूक पिवळट. दुकानातल्या बटरचा रंग शेंद्रीचा.

पिशवीचं दूध असेल तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय. तर आधी पिशवीवर बघा. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, डबल टोन्डमधे दीड, फुल क्रीममधे ६. टोन्डमधून लोणी काढायचं म्हणजे महिनाभर साय साठवायची, त्यात अर्थ नाही. आणि त्यातही होमोजिनाइज्ड असं लिहिलेलं असेल तर फुल क्रीम असूनही साय पातळच येणार, कारण त्या प्रक्रियेत फॅटचे गोळे दाबाखाली इतके बारीक करतात की ते वर येतच नाहीत, दुधात सगळीकडे पसरून राहतात. चहाला ते दूध मस्त दाट लागतं पण सायीसाठी उपयोग नाही. अशा घरांनी सरळ दुकानातलं बटर घ्यावं, मीठ नको असेल तर अनसॉल्टेड पण मिळतं, किंवा डेअरीतून सुटं पांढरं लोणी. सुटं घेताना मात्र हुंगून बघा आणि दोन बोटांत चोळून बघा, खरं लोणी बोटांच्या उबेने लगेच विरघळतं. चोळूनही मेणासारखं राहिलं तर मी ते घेत नाही.

बेकिंगमधे बदल करताना थोडं जमवून घ्यावं लागतं. मार्जरीन फ्रिजमधून काढलं की लगेच मऊ असतं, साखरेबरोबर फेटायला सोपं, त्यामुळे केक फुगतो चांगला. बटर आधी बाहेर काढून ठेवा, बोट दाबलं की खड्डा पडेल पण चकाकणार नाही इतपत मऊ. चकाकायला लागलं की जास्त झालं. नानकटाईला घरचं लोणी वापरू नका, त्यात पाण्याचा अंश जास्त राहतो, नानकटाई पसरते आणि कडक होते, तिथे तूपच हवं. बिस्किटांचं पीठ बटरमधे भिजवलं की अर्धा तास फ्रिजमधे ठेवा मगच ओव्हनला, नाहीतर पसरून एकमेकांना चिकटतात. आणि चव, काय सांगू, त्याच मापाने केलेला साधा व्हॅनिला केक, वरून काही नाही, माझ्या नवऱ्याने विचारलं की इसेन्स बदललास का. इसेन्स तोच होता.

बाहेरच्या पावभाजीबद्दल पण बोलायला हवं. गाडीवर तव्यावर जो पिवळा ठोकळा आपटतात तो दरवेळी बटर असतो असं समजू नका. मी सरळ विचारते, दादा बटर कुठलं, आणि बहुतेक गाडीवाले खरं सांगतात, काहीजण तर स्वतःच सांगतात की ताई भाजीत मार्जरीन असतं आणि वरून बटर. काहीजण बटरचे पैसे वेगळे घेतात, ते बरोबरच आहे, माझी हरकत नाही, फक्त मेनूवर बटर लिहिलं असेल तर पानात बटरच यावं. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर आपोआप बदल होतो, एक गाडीवाले काका आता मला बघितलं की बटरचं पाकीट वर करून दाखवतात.

आता तब्येत. हे मी सगळ्यात शेवटी लिहितेय पण सगळ्यात काळजीने लिहितेय, कारण घरात हृदयाचा पेशंट आहे. लोणी औषध नाही. लोण्याच्या वजनाच्या साधारण निम्मं सॅच्युरेटेड फॅट (वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारं घट्ट फॅट) असतं, म्हणजे लहान चमचाभर, ५ ग्रॅम लोण्यात अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराच्या एकूण कॅलरीत सॅच्युरेटेड फॅट १० टक्क्यांच्या आत ठेवा, २००० कॅलरी धरल्या तर ते होतात साधारण २२ ग्रॅम, आणि त्यात दूध, तूप, खोबरं, पनीर, सगळंच आलं. म्हणजे दिवसाला एक दोन चमचे लोणी बसतं, पण भाजीला, आमटीला, पोळीला सगळीकडे लोणी नाही बसत. रोजच्या फोडणीला आमच्याकडे शेंगदाण्याचं आणि करडईचं तेलच आहे आणि तेच राहणार, पातळ तेलं हृदयाला लोण्यापेक्षा बरी हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यात वाद नाही. दुधाच्या फॅटमधे थोडं नैसर्गिक ट्रान्स फॅट पण असतं, ते पण सांगून टाकते म्हणजे कोणी अगदी शून्य समजू नये. बाबांच्या आत्ताच्या डॉक्टरांना आम्ही विचारूनच बदल केला, ते म्हणाले मार्जरीन आणि लोणी यात भांडण लावण्यापेक्षा चमचा मोजा, चालणं सोडू नका आणि गोळ्या वेळेवर. बाबांना रविवारी थालीपिठावर एक छोटा गोळा मिळतो, एवढाच. तो ते अजिबात घाई न करता खातात. आधी मार्जरीन ते दिवसातून तीनदा बिनधास्त लावायचे कारण डब्यावर हृदयाचं चित्र होतं, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक तिथेच पडलाय.

पैशाचं म्हणाल तर हो, महाग पडतं. मार्जरीन बटरच्या मानाने बरंच स्वस्त आहे आणि ज्यांचं महिन्याचं गणित घट्ट आहे त्यांना मी काही बोलणार नाही, बेकरीवाल्यांना तर नाहीच, त्यांना चार पैशांत खारी विकायची असते. सप्टेंबर २०२५ मधे बटर आणि तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, बटरच्या पाकिटाचे भाव थोडे उतरले, तेवढाच आधार. पण आमच्या घरापुरता हिशोब असा की दूध येतंच होतं, साय निघतच होती, आधी त्याचं सगळं तूप व्हायचं, आता थोडं लोणी म्हणून राहतं. वरून ताक फुकट, त्याची कढी होते, पालकाची ताकातली भाजी होते, उन्हाळ्यात जिरं मीठ लावून तसंच. आणि लावलं जातं पण कमी. चवीचं असलं की थोडक्यात भागतं, हे मी लेकीच्या बाबतीत बघितलंय, मार्जरीन ती ब्रेडवर जाड थापायची आणि तरी जॅम मागायची.

करून बघणार असाल तर सुरुवात थंडीत करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लोणी पटकन येतं, गोळा घट्ट होतो, हाताला चिकटत नाही. एप्रिल मेमधे साय फ्रिजबाहेर रात्रभर ठेवू नका, चार पाच तास पुरतात, घुसळायला सकाळी सहाच्या आत बसा, आणि पाण्याऐवजी बर्फाचे खडे टाका, मिक्सरच्या पात्याला त्रास होऊ नये म्हणून ते आधी फोडून. जास्तीचं लोणी बटर पेपरमधे गुंडाळून डब्यात घालून फ्रीजरला टाकलं की दोन तीन महिने आरामात राहतं, फक्त शेजारी सोललेला लसूण किंवा मासे ठेवू नका, लोणी वास फार पटकन ओढून घेतं.